पित्याच्या दारी हिशेब नसतो

मार्गशीर्षी पौर्णिमेला देवगडी दत्तजयंतीचा सोहळा होतो, प्रवरेच्या काठी थंडी झोंबू लागते आणि उसाच्या गाड्यांची रस्तोरस्ती रीघ लागते. त्याच सुमारास नगर शहरात, राहुरीस, श्रीरामपुराकडे ख्रिस्ती बांधवांच्या घरांवर कागदी चांदण्या लुकलुकू लागतात. आमच्या नेवासे परिसरातील मनुष्यास यात काहीच नवल वाटत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य नगरास १८३१ साली सुरू झाले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये याच नगरातून निघू लागले. हरेगावी दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, तेव्हा तेथे नवस फेडावयास जाणाऱ्यांत कपाळी कुंकू ल्यालेल्या बायाबापड्या किती असतात, हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून कळावयाचे नाही. शेजार असा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. परंतु शेजाऱ्याच्या घरातील देव्हाऱ्यात काय ठेवले आहे, हे आपण सहसा विचारीत नाही.

नाताळच्या निमित्ताने या पानासाठी लिहिताना, नारदाच्या गादीवर उभे राहून आयुष्य घालविलेल्या आम्हांस ख्रिस्ती धर्मातील एका कल्पनेचा विचार वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. ईश्वर हा प्रेमळ पिता आहे आणि तो क्षमा करतो, ही ती कल्पना. तो क्षमा करतो हे म्हणणे सोपे आहे, कारण सर्वच धर्म तसे म्हणतात. अवघड भाग निराळा आहे. ती क्षमा मनुष्याने घ्यावयाची कशी? हा प्रश्न आम्हांस कोणा पंडिताने घातला नाही. एका शेतकऱ्याने घातला, आणि त्याचे उत्तर आम्हांस देता आले नाही.

एका सप्ताहातील प्रश्न

काही वर्षांपूर्वी आमच्याच तालुक्यातील एका गावी हरिनाम सप्ताहात आमचे कीर्तन होते. आख्यान अजामिळाचे लावले होते. जन्मभर पापात बुडालेल्या त्या ब्राह्मणाने अंतकाळी आपल्या नारायण नावाच्या मुलास हाक मारली आणि तेवढ्या नामोच्चाराने विष्णुदूत धावून आले, ही भागवताच्या सहाव्या स्कंधातील कथा. आरती झाली, मंडळी पांगली, आणि एक वृद्ध गृहस्थ मंडपाच्या खांबाला टेकून बसून राहिले. गळ्यात तुळशीची माळ, अंगावर धुवट सदरा. ते म्हणाले, "बुवा, एक विचारू का? अजामिळाला देवाने सोडविले, ते खरे. पण पुढे अजामिळाला झोप लागत होती का?"

मग त्यांनी आपली हकीकत सांगितली. १९७२ च्या दुष्काळात दोघा भावांची विहीर सामाईक होती. पाणी तळाला गेले होते. थोरल्या भावाच्या पाळीच्या दिवशी यांनी मोट धरू दिली नाही. शब्दाने शब्द वाढला आणि यांनी त्याच्या तोंडावर दार लावून घेतले. थोरला बायकामुलांसह गाव सोडून मजुरीस गेला, तो परत आला नाही. काही वर्षांनी त्याच्या मृत्यूचीच वार्ता आली. तेव्हापासून या गृहस्थांनी पंढरीची वारी चुकविली नाही. काशी केली, रामेश्वर केले, दर सप्ताहाला एक पंगत स्वतःच्या खर्चाने घातली. "तरी बुवा, रात्री दार लावले की तोच आवाज येतो. देव क्षमा करतो म्हणता, मग माझ्यापर्यंत ती पोचत का नाही?"

आम्ही शास्त्र जाणणारे. शास्त्र सांगू लागलो. पाप उघड सांगणे, पश्चात्ताप, तप, अध्ययन आणि दान यांनी मनुष्य पापमुक्त होतो, असे मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आहे. केल्या कर्माची मनाला जसजशी किळस येते, तसतसा देह त्यातून सुटतो, आणि पुन्हा असे करणार नाही या निश्चयाने मनुष्य शुद्ध होतो, असेही तेथेच म्हटले आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत अत्यंत दुराचारी मनुष्यही अनन्य भक्तीने साधूच मानावा असे सांगतात, आणि अठराव्यात तर सर्व पापांपासून सोडविण्याचे अभिवचन देऊन शोक करू नकोस असे बजावतात. हे सारे आम्ही सांगितले आणि अखेरीस, आज सांगावयास संकोच वाटतो, एक पारायण आणि एक व्रत यांची भर घातली. म्हाताऱ्याने मुकाट्याने मान डोलावली. ज्याच्या डोक्यावर आधीच भारा होता, त्याच्यावर आम्ही आणखी एक पेंढी ठेविली होती.

उधळ्या पुत्राची कथा

राहुरीकडील एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षक आमचे जुने स्नेही आहेत. संस्कृतच्या गोडीमुळे ते आमच्याकडे येतात आणि कीर्तनाच्या गोडीमुळे आम्ही त्यांच्याकडे जातो. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी हरिकथेचाच पूर्वरंग-उत्तररंगाचा साज घेऊन येशूचे चरित्र गाइले, आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यासारख्या कविश्रेष्ठाने ती परंपरा समृद्ध केली. आमच्या स्नेह्यांस आम्ही त्या शेतकऱ्याचा प्रश्न, नाव-गाव न सांगता, निवेदन केला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बुवा, उधळ्या पुत्राचे आख्यान तुम्ही कधी लक्ष देऊन वाचले आहे काय?"

कथा आम्हांस ठाऊक होती. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात ती आहे. एका गृहस्थास दोन पुत्र. धाकटा बाप जिवंत असतानाच आपला वाटा मागतो, परमुलखी जातो, सर्व उधळतो. तेथे दुष्काळ पडतो. डुकरे राखण्याची पाळी येते आणि डुकरांच्या खाद्यावरही त्याची वासना जाते. तेव्हा त्यास घर आठवते. बापाच्या घरी मजुरांसही पोटभर भाकर आहे! तो मनाशी वाक्य जुळवितो: मी तुमच्याविरुद्ध आणि स्वर्गाविरुद्ध पाप केले, तुमचा पुत्र म्हणवून घेण्यास मी योग्य नाही, मला आपल्या एखाद्या मजुरासारखे ठेवा. हे पाठ करीत तो वाटेला लागतो. तो दूर असतानाच बाप त्यास पाहतो, कळवळतो, धावत जाऊन गळ्यात पडतो. पौर्वात्य देशातील प्रतिष्ठित वृद्ध पुरुष भर रस्त्याने धावत नसतो. हा धावला.

"आता पाहा," आमचे स्नेही म्हणाले, "पुत्राने जुळविलेले वाक्य आणि प्रत्यक्ष उच्चारलेले वाक्य, ही दोन्ही शेजारी ठेवून वाचा."

आम्ही वाचले, आणि संस्कृत ग्रंथांचे पाठ पडताळण्यात ज्याची दृष्टी झिजली त्या आमच्या ध्यानी ही गोष्ट इतकी वर्षे आली नव्हती याची लाज वाटली. पुत्र पापाची कबुली देतो, आपण पुत्र म्हणवून घेण्यास अपात्र आहोत हेही म्हणतो. परंतु मजुरासारखे ठेवा हे शेवटचे वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही. त्यापूर्वीच बाप चाकरांस हाका मारू लागतो. उत्तम झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे घाला, मेजवानी करा! कबुली बापाने ऐकून घेतली. तीवाचून समेट नाही. मजुरीचा करार तेवढा ऐकून घेतला नाही.

कथेचा मर्मबिंदू येथेच आहे. पुत्राला क्षमा हवी होती, पण ती त्याला कमावून घ्यावयाची होती. राबेन, फेडीन, हळूहळू हिशेब पुरा करीन, अशी त्याची योजना होती. अशी योजना मनाला बरी वाटते, कारण तीत थोडा मान शिल्लक राहतो. काहीही न देता झगा अंगावर घालून घेणे यास जी नम्रता लागते, ती राबण्यास लागणाऱ्या नम्रतेहून मोठी आहे. त्या रात्री त्याने झगा काढून ठेवून गोठ्यात निजावयाचे म्हटले असते, तर ते दिसावयास वैराग्य दिसले असते, परंतु बापाच्या काळजाला तो दुसरा घाव झाला असता.

थोरल्या पुत्राचीही गोष्ट अशीच आहे. तो शेतावरून येतो, गायनवादन ऐकतो, रागावून बाहेरच उभा राहतो. म्हणतो, इतकी वर्षे मी तुमची चाकरी केली, मला तुम्ही कधी काही दिले नाही. म्हणजे घरात राहूनही तो मजुरीच मोजीत होता! बाप त्याचीही मनधरणी करावयास बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे कथा सांगत नाही. नेमनिष्ठ माणसांनी, म्हणजे आपण सर्वांनी, या ठिकाणी थोडे थांबावे. नित्यनेम, उपवास, वाऱ्या हे सारे आपण पुत्र म्हणून करतो, की खातेवही भरावी म्हणून करतो?

आब्बा आणि आबा

येशू ईश्वरास उद्देशून जो शब्द योजीत असे, तो त्याच्या अरामी बोलीत 'आब्बा' असा आहे. घरातील मुलांनी बापास मारावयाची ती हाक. नगरी खेड्यांत आजही कित्येक घरी बापास 'आबा' म्हणतात. हे साम्य योगायोगाचे आहे, त्यावर व्युत्पत्तीचा इमला कोणी उभारू नये. परंतु भाव मात्र आपल्यास परका नाही. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात ऋषी अग्नीस विनवितो की, पिता जसा पुत्रास सहज भेटतो तसा तू आम्हांस भेट. सातव्या मंडलात वसिष्ठ वरुणास कळवळून विचारतो की, माझा असा कोणता मोठा अपराध झाला, की तू आपल्या स्तुती करणाऱ्या मित्रावर रुष्ट व्हावेस. आणि गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून भ्यालेला अर्जुन, आजवर थट्टेत केलेल्या सलगीबद्दल क्षमा मागतो, ती पुत्राचे पित्याने, सख्याचे सख्याने सोसावे तसे सोस, या शब्दांत. रामानुजांच्या परंपरेत भगवंताच्या वात्सल्याचा विचार फार सूक्ष्म आहे. 'वत्स' म्हणजे वासरू. नुकत्याच व्यालेल्या गाईला वासराच्या अंगावरील मळ किळसवाणा वाटत नाही, ती तो चाटून काढते. वासराने आधी स्वच्छ होऊन यावे अशी अट ती घालीत नाही.

मात्र दोन्ही धर्म एकच सांगतात असे म्हणून विषय मिटविणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आपल्याकडे कर्मसिद्धान्त आहे, आणि केलेले भोगल्यावाचून सुटत नाही ही धारणा सामान्यांच्या हाडीमासी खिळलेली आहे. भक्तिमार्गाने त्या धारणेत कृपेचे दार उघडले. ख्रिस्ती धर्मात पुनर्जन्म नाही. तेथे मनुष्याचे पाप फेडण्याचा भार ईश्वराने स्वतःवर घेतला आणि क्रुसावरील मरणात तो चुकविला, अशी श्रद्धा आहे. म्हणून त्यांची क्षमा फुकट वाटली तरी स्वस्त नाही. अपराध्याने द्यावयाची किंमत तेथे क्षमा करणाऱ्याने दिली आहे. आम्ही आमच्या धर्मात सुखी आहोत आणि धर्मांतराचा पुरस्कार करावयास बसलो नाही. तथापि दिलेले दान नाकारणे हा दात्याचा अनादर आहे, एवढे कोणत्याही धर्माच्या मनुष्यास पटावे.

टिळक दांपत्याचे उदाहरण

या विषयात नगर जिल्ह्याशी निगडित असे सर्वांत बोलके उदाहरण टिळक दांपत्याचे आहे. नारायण वामन टिळक १८६१ साली कोकणात करजगावी जन्मले. संस्कृताचे उत्तम अध्येते, कवी, वक्ते. १८९३ मध्ये नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस नवा करार भेट दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढील आयुष्याचा मोठा भाग नगर-राहुरीकडे व्यतीत केला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे बोल प्रसिद्ध आहेत.

त्यांचे वडील अत्यंत तापट होते आणि आई मायाळू होती, हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त लिहून ठेविले आहे. ज्याने बापाचा धाक सोसला, त्याला देव पिता आहे या शब्दाने एकदम दिलासा कसा मिळावा? टिळकांनी आपल्या पदांत ख्रिस्तास आई म्हणून, माउली आणि गुरू म्हणून आळविले आहे, हे आम्हांस म्हणूनच अर्थपूर्ण वाटते. पंढरीच्या विठ्ठलास माउली म्हणणाऱ्या भूमीत येऊन पश्चिमेकडून आलेला पिताही माउली झाला. ज्या वाचकांच्या वाट्यास कठोर पिता आला असेल, त्यांनी ही वाट ध्यानी ठेवावी. आपल्या बापावरून देव मोजू नये. देवावरून बाप कसा असावा हे ओळखावे.

लक्ष्मीबाईंची कहाणी याहूनही हृदयस्पर्शी आहे. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांस फाशी झाली, आणि त्या आघाताने त्यांच्या वडिलांस सोवळ्याचे वेड लागले. घरी येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यावयाची, धान्यापासून मिठापर्यंत! लक्ष्मीबाईंनी हे सारे विनोदाने सांगितले आहे, पण वाचणाराच्या पोटात कालवते. विटाळ बाहेरच्या वस्तूस नव्हता, तो मनात बसला होता. मनातील विटाळ पाण्याने निघत नाही, म्हणून ते धुणे कधी संपत नाही. अशा घरात वाढलेल्या या माउलीला पतीच्या धर्मांतराने जी वेदना झाली तिची कल्पनाच करावी. काही वर्षे ती पतीपासून दूर राहिली. मग ती आली. आधी सोवळे जपूनच राहिली, आणि हळूहळू, आपल्या बुद्धीने विचार करीत, उच्चनीच हा भेद ईश्वराने केलेला नाही या निर्णयास पोचली. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. पुढे नगरच्या त्यांच्या घरी कवी बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले. टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य, औपचारिक शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या पतीने न विचारता संसार उलथा केला, त्यास तिने क्षमा केली होती याची त्याहून दुसरी साक्ष कोणती हवी?

पैसाच्या खांबापाशी

आम्ही नेवासेकर. शके १२१२ मध्ये ज्या खांबास टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्य सांगितले, तो पैसाचा खांब आमच्या गावी उभा आहे. त्या माउलीचे बालपण वाचकांस सांगावयास नको. संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात आलेल्या पित्यास देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले आणि मातापित्यांनी देह ठेविला, मुले मात्र शुद्धिपत्रासाठी दारोदार हिंडत राहिली, असे परंपरा सांगते. म्हणजे हिशेब पुरा चुकता केला, तरी समाजाने दार उघडले नाही! अशा घरातील या मुलाने आमच्या खांबापाशी बसून ग्रंथाच्या अखेरीस देवापाशी काय मागितले? दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांची दुष्टता तेवढी जावो आणि सर्व जीवांचे परस्परांशी मैत्र जडो, एवढेच मागितले. त्यास क्षमा मिळाली असल्याखेरीज अशी क्षमा देता येत नाही. मनुष्यांकडून ती मिळाली नव्हती. मग ती कोठून मिळाली, हे ज्याचे त्याने ओळखावे.

हे सारे मनात घेऊन आम्ही त्या वृद्ध गृहस्थांकडे गेलो. व्रताची आज्ञा परत घेतली. म्हटले, "आबा, तुमच्या वाऱ्या देवाने मजुरी म्हणून लिहून घेतलेल्या नाहीत. तुम्ही कबूल झालात, त्या दिवशीच तो धावत आला होता. तुम्हीच त्याचा झगा अंगावर घेत नाही." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग आम्ही विचारले, "थोरल्याचा वंश आहे काय?" पुतण्या होता. परत येऊन त्याच शिवारात वडिलोपार्जित तुकडा कसून राहत होता. या गृहस्थांनी आजवर हजारो अनोळखी माणसांस पंगतीला बसविले, परंतु पुतण्याच्या ओट्यावर पाय ठेविला नव्हता. "त्याच्या तोंडाकडे पाहवत नाही," ते म्हणाले.

येथेच क्षमा स्वीकारण्याचा खरा उपयोग दिसून येतो. क्षमा मिळाली म्हणून केलेले पुसले गेले, आता भाऊबंदांचे काही देणे नाही, असा अर्थ जो काढील त्याने ती स्वीकारलीच नाही, चोरली. ज्याला अद्याप शिक्षेचे भय आहे, तो ज्याचा अपराध केला त्याच्यापासून तोंड लपवितो आणि त्रयस्थास दानधर्म करतो. ज्याचे भय गेले, तोच त्या दारी जाऊ शकतो. ख्रिस्ती प्रार्थनेत, आम्ही आमच्या ऋण्यांस सोडतो तशी तू आम्हांस सूट दे, अशा अर्थाची याचना पित्यापाशी केलेली असते. क्षमा आली की ती पुढे वाहिली पाहिजे. विहिरीतील झरा उपसला तरच जिवंत राहतो.

पुढच्या वर्षी सप्ताहास गेलो तेव्हा ते गृहस्थ मंडपात पुतण्याच्या शेजारी बसलेले आढळले. काय घडले ते आम्ही विचारले नाही. पुतण्यानेच निघताना सांगितले की, काका एके सकाळी आले, ओट्यावर बसले, फार वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, तुझ्या बापाचे पाणी मी अडविले होते. सुनेने तांब्या आणून पुढे ठेविला. त्यांनी तो हातात घेतला आणि रडत रडत पाणी प्याले. विहिरीची पाळी आता कागदावर पुतण्याच्या नावे झाली आहे. झोपेविषयी आम्ही पृच्छा केली तेव्हा वृद्ध गृहस्थ म्हणाले, "कधी लागते, कधी नाही. पण बुवा, तो आवाज आता दाराचा येत नाही. भावाचा येतो, आणि त्यात राग नसतो."

वाचकहो, नाताळच्या रात्री आपल्या गल्लीतील ख्रिस्ती घरातून गाणे ऐकू आले, तर क्षणभर थांबून ऐकावे. ते ज्या पित्याचे गुण गातात, तो रस्त्याकडे डोळे लावून बसलेला आहे. आपणही ज्या विटेवरच्या माउलीस रोज हात जोडतो, तीही युगानुयुगे कमरेवर हात ठेवून वाटच पाहत उभी आहे. वाट पाहणाराच्या दारी मजुरीचा हिशेब घेऊन जाऊ नये. रिकाम्या हातांनी जावे, झाले ते खरे सांगावे, आणि जे मिळेल ते नाकारू नये. मग दुसऱ्या दिवशी ज्याचे पाणी आपण अडविले असेल त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे. एवढी बुद्धी श्रीज्ञानेश्वर माउलीने आपणां सर्वांस द्यावी, ही आमची प्रार्थना.